‘जेंटल’ शब्दाची वंशावळ

[नभोवाणीवरील भाषण]

माझा एक पुतण्या आठवीच्या वर्गांत शिकतो. परवां संध्याकाळीं तो इंग्रजीचें क्रमिक पुस्तक घेऊन माझ्यापाशीं आला आणि म्हणाला, “काका, ‘जेंटल’ म्हणजे सौम्य ना? मग ‘जंटलमन’ म्हणजे सौम्य माणूस कां?” मी ‘होय’ म्हणणार, तोंच त्याच्या वडिलांनीं वर्तमानपत्रांतून डोकें वर काढून सांगितलें, “अरे, जंटलमन म्हणजे बूट-पाटलोणवाला साहेब!” कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या माझ्या आईला इंग्रजी येत नाहीं, पण नातवाची अडचण तिच्या लक्षांत आली. ती म्हणाली, “सौम्य म्हणजे गरीब रे. गरीब स्वभावाचा असतो ना एखादा, तसा.”

एका शब्दाचे एकाच घरांत तीन अर्थ झाले. एक स्वभावाचा, दुसरा दर्जाचा आणि तिसरा दर्जा नसण्याचा. मुलाला मीं त्या वेळीं ‘सौम्य’ एवढेंच लिहून घे म्हणून सांगितलें. परंतु मागाहून कोश उघडून बसलों तेव्हां असें दिसून आलें कीं, तिघांपैकीं कोणाचेंहि चुकलेलें नव्हतें. या लहानशा इंग्रजी शब्दाच्या पोटांत सातआठशें वर्षांचें एक भांडण दडलेलें आहे, आणि तें आपल्याला अगदीं ओळखीचें आहे. माणसाची थोरवी रक्तांतून येते कीं वागण्यांतून, हें तें भांडण. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

प्रारंभ रोमपासून केला पाहिजे. लॅटिन भाषेंत ‘गेन्स’ म्हणजे कुळ. आपल्याकडील गोत्राशीं त्याचें पुष्कळ साम्य होतें. गायस ज्युलियस सीझर या नांवांतील मधलें ‘ज्युलियस’ हें त्याच्या कुळाचें नांव. एका कुळांत जन्मलेले ते परस्परांचे ‘गेंतिलिस’ म्हणजे सगोत्र. सिसेरोनें इ. स. पूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या ‘टोपिका’ या ग्रंथांत ‘गेंतिलिस’ कोणास म्हणावें याच्या अटी दिल्या आहेत. नांव समान पाहिजे. जन्म स्वतंत्र मातापित्यांच्या पोटीं झालेला पाहिजे. पूर्वजांपैकीं कोणीहि गुलाम असतां कामा नये. आणि नागरिकत्वाचे हक्क कधीं गमावलेले नसावेत. या यादींत दयेचें, क्षमेचें किंवा मृदुपणाचें नांवहि नाहीं. सारा प्रश्न जन्माचा. शब्दाचें मूळच तें आहे. लॅटिनमधील ‘गेन’ हा धातु आणि संस्कृतांतील ‘जन्’ हा धातु एकाच प्राचीन मुळाचीं दोन रूपें होत, हें भाषाशास्त्रज्ञांनीं निश्चित केलें आहे. त्या ‘जन्’पासून आपल्याकडे जन, जन्म आणि जाति हे शब्द झाले. तेव्हां इंग्रजांचा ‘जेंटल’ आणि आपली ‘जात’ हीं एकमेकांचीं दूरचीं भावंडें आहेत, असें म्हटलें तर तें केवळ शाब्दिक विनोद करण्यासाठीं म्हटलें असें कोणी समजूं नये.

पुढें या शब्दाच्या दोन शाखा झाल्या. एक गेली देवळांत, दुसरी गेली वाड्यांत. ख्रिस्ती धर्मग्रंथाचें लॅटिन भाषांतर दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊं लागलें, तेव्हां यहुद्यांखेरीज जीं इतर राष्ट्रें त्यांना ‘गेन्स’ याच शब्दाचें अनेकवचन लावण्यांत आलें, आणि ‘गेंतिलिस’ म्हणजे परधर्मी, मूर्तिपूजक असा अर्थ रूढ झाला. जो शब्द ‘आपल्यांपैकीं’ असें सांगण्यासाठीं जन्मास आला, तोच ‘आपल्यांपैकीं नव्हे’ असें सांगूं लागला. या शाखेची एक फांदी थेट आपल्या अंगणांत आलेली आहे. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. तेथील हिंदूंना ते आपल्या कागदपत्रांत ‘झेंतिउ’ म्हणत, आणि तो शब्द याच ‘गेंतिलिस’चा वंशज. १८८० सालीं गोव्यांतील हिंदूंच्या रूढींसंबंधीं जें फर्मान पोर्तुगीज सरकारनें काढलें, त्याच्या नांवांतहि हिंदूंमागें हें विशेषण लागलेलें आहे. पोर्तुगीजांच्या तोंडून तें इंग्रज व्यापाऱ्यांनीं उचललें आणि त्याचें ‘जेंटू’ केलें. वॉरन हेस्टिंग्जच्या प्रेरणेनें नथॅनिएल हालहेड यानें हिंदु धर्मशास्त्राचा जो इंग्रजी संग्रह १७७६ सालीं प्रसिद्ध केला, त्याचें नांव ‘जेंटू कायद्यांची संहिता’ असेंच होतें. मद्रासकडे तर तेलुगु भाषेलाच इंग्रज ‘जेंटू’ म्हणत. म्हणजे इंग्लंडांत ज्या शब्दानें कुलीन गृहस्थाचा गौरव होई, त्याच्याच सख्ख्या भावानें हिंदुस्थानांत ‘काफर’ हा अर्थ मिरवावा, असा हा प्रकार. कारकुनाच्या टेबलावर हे दोन्ही शब्द एकाच दिवशीं येऊन पडत असतील, आणि त्यांचें नातें त्याच्या स्वप्नांतहि नसेल.

आतां वाड्यांत गेलेल्या शाखेकडे वळूं. फ्रान्समध्यें ‘गेंतिलिस’चा ‘जेंतिल’ झाला आणि ‘चांगल्या कुळांतला’ हा त्याचा अर्थ राहिला. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. राजदरबार, न्यायकचेरी आणि शिकार यांची भाषा फ्रेंच झाली, आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीस ‘जेंटल’ हा शब्द इंग्रजींत रुजलेला दिसतो. त्या वेळचा ‘जेंटल’ सरदार म्हणजे हळुवार सरदार नव्हे. तो तरवारीचा धनी, शत्रूचें शीर उतरविणारा. शिकारी पक्ष्यांत बहिरी ससाण्याच्या मादीला ‘जेंटल’ असेंच म्हणत. आकाशांतून दगडासारखी कोसळून उडत्या पाखराचा प्राण घेणाऱ्या या पक्षिणीच्या ठिकाणीं सौम्यपणा तो कोणता? पण ती कुलीन! १४८६ सालीं छापलेल्या सेंट ऑल्बन्सच्या पुस्तकांत कोणत्या दर्जाच्या माणसानें कोणता पक्षी बाळगावा याची यादी आहे, तींत हा पक्षी राजपुत्राच्या वांट्यास आला आहे.

या पुस्तकांत याहून मौजेची गोष्ट आहे. भावाचा खून करणारा काइन हा सर्व हलक्या लोकांचा मूळपुरुष आणि त्याचा दुसरा भाऊ सेथ हा कुलीनांचा, अशी वंशावळ तें देतें. आणि अखेरीस येशु ख्रिस्तहि आईच्या बाजूनें ‘जंटलमन’ होता, असा निर्वाळा देतें. सुताराच्या घरीं वाढलेल्या आणि कोळ्यांबरोबर हिंडलेल्या पुरुषाला कुलीनांच्या यादींत बसविल्यावांचून त्या ग्रंथकाराला चैन पडलें नाहीं! आपल्याकडे राज्याभिषेकाच्या आधीं वंशावळी शोधण्याची किंवा संतांना मागाहून उच्च जन्म चिकटविण्याची जी खटपट झाली, ती ज्यांनीं वाचली आहे त्यांना यांत फारसें नवल वाटणार नाहीं.

मग या ताठ शब्दाला मार्दव आलें कोठून? एक कारण असें कीं, वरच्या वर्गानें आपल्या नांवाबरोबर कांहीं वर्तन जोडून घेतलें होतें. स्त्रियांशीं अदब, शरण आलेल्याशीं औदार्य, बोलण्यांत संयम. सरदार तसा वागे कीं नाहीं हा प्रश्न निराळा. पण वागावें अशी अपेक्षा असे, आणि शब्द हळूहळू माणसावरून अपेक्षेवर सरकला. याच्या उलट बाजूस काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. ‘व्हिलन’ हा शब्द आज नाटक-सिनेमांतल्या दुष्टाला लावतात. त्याचा मूळ अर्थ जहागिरींत राबणारा कुळवाडी. ‘चर्ल’ म्हणजे साधा रयत. त्यापासून उद्धट, आडदांड या अर्थाचें विशेषण झालें. राबणाऱ्याच्या नांवाची शिवी झाली आणि बसून खाणाऱ्याच्या नांवाचा सद्गुण झाला. आपल्या ‘गांवढळ’ या शब्दाचा इतिहास कांहीं फार वेगळा नाहीं. भाषा सर्वांची असते असें आपण म्हणतों, पण लिहिण्याची दौत पुष्कळ काळ एकाच वर्गाच्या हातीं होती.

हा अन्याय त्या काळीं कोणाच्या लक्षांत आला नाहीं असें मात्र नाहीं. १३८१ सालीं इंग्लंडांत शेतकऱ्यांचें मोठें बंड झालें. त्या वेळीं लंडनजवळच्या ब्लॅकहीथ माळावर जॉन बॉल नांवाच्या धर्मोपदेशकानें जमलेल्या लोकांपुढें प्रवचन केलें, आणि त्यासाठीं एक प्रचलित दोन ओळींची म्हण घेतली. तिचा भावार्थ असा कीं, जेव्हां आदिपुरुष जमीन खणीत होता आणि आदिमाता सूत कातीत होती, तेव्हां जंटलमन कोण होता? प्रश्न साधा, पण राज्य हालविणारा. त्याच वर्षींच्या जुलै महिन्यांत बॉलला सेंट ऑल्बन्स येथें फांशीं देऊन त्याच्या देहाचे चार तुकडे करण्यांत आले. पुढें शंभर वर्षांनीं ‘जंटलमन’ची वंशावळ सांगणारें तें पुस्तक छापलें गेलें तेंहि याच गांवांत. इतिहासाला असल्या जागा आपोआप सांपडतात.

बॉलनें जें माळावर विचारलें, तें दहा-पंधरा वर्षांनीं चॉसर या कवीनें गोष्टीच्या मिषानें दरबारी वाचकांपुढें ठेवलें. चॉसर स्वतः मद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा; दरबारांत चढलेला. त्याच्या ‘कँटरबरी कथां’मध्यें बाथ गांवच्या एका बाईच्या तोंडीं एक कथा आहे. आर्थर राजाच्या दरबारचा एक तरुण सरदार वाटेंत भेटलेल्या एका कुमारिकेवर बलात्कार करतो. त्याला देहान्त शिक्षा व्हावयाची, पण राणी मध्यें पडते आणि एक कोडें घालते: स्त्रियांना सर्वांत प्रिय काय? एका कुरूप म्हातारीनें त्याला उत्तर सांगून वांचविलें आणि मोबदला म्हणून लग्नाचें वचन घेतलें. लग्नाच्या रात्रीं हा नवरदेव तोंड फिरवून कुरकुरतो कीं, तूं म्हातारी, कुरूप आणि शिवाय हलक्या कुळांतली! तेव्हां ती म्हातारी त्याला जें व्याख्यान देते, तें या शब्दाच्या इतिहासांतलें सर्वांत महत्त्वाचें पान समजावें. बापाकडून जमीन मिळते, घर मिळतें, पण ‘जेंटिलेस’ मिळत नाहीं. ती ईश्वराकडून येते आणि कृत्यांतून दिसते. सरदाराचा मुलगाहि नीच कर्म करील तर तो नीचच, असें ती सांगते. ऐकणारा कोण, हें लक्षांत घ्या. कुलीन घराण्यांतला, आणि कुमारिकेवर हात टाकलेला. चॉसरनें तें तिच्या तोंडून बोलून दाखविलें नाहीं. त्याची गरजहि नव्हती.

हा युक्तिवाद आपल्याला नवा वाटूं नये. चॉसरच्या कित्येक शतकें आधीं बुद्धानें ‘वसल’ म्हणजे हीन कोण, या प्रश्नास हेंच उत्तर दिल्याचें ‘सुत्तनिपातां’त आहे. जन्मानें कोणी हीन होत नाहीं आणि जन्मानें कोणी ब्राह्मण होत नाहीं, कर्मानें होतो. ‘धम्मपदां’त तर ‘आर्य’ हा कुलवाचक शब्दच नव्यानें भरला आहे: प्राण्यांची हिंसा न करणारा तो आर्य. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम जाबालाची कथा त्याहि पूर्वींची. गुरूनें गोत्र विचारलें. मुलानें आईचें उत्तर जसेंच्या तसें सांगितलें कीं, तारुण्यांत अनेकांच्या सेवेंत हिंडत असतां मीं तुला मिळविलें, तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं. हें सत्य ऐकून गुरूनें त्याला समिधा आणावयास सांगितल्या, आणि हांक मारली ती ‘सोम्य’ म्हणून. गोत्र विचारणाऱ्यानें गोत्राच्या जागीं सौम्य हें संबोधन ठेवलें, असें म्हणण्याचा मोह मला होतो. पण प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, त्याच ठिकाणीं गुरु असेंहि म्हणतो कीं, अब्राह्मणाला असें बोलतां आलें नसतें. म्हणजे सत्य बोलणें हा सद्गुण न राहतां पुन्हां जन्माचा पुरावा झाला. ही खोड केवळ गुरूची नव्हे, सर्व भाषांची आहे. गुण वागण्यांत पाहावयाचा, आणि कौतुक करतांना शब्द मात्र जन्माचा वापरावयाचा.

इंग्लंडांत पुढचीं दोन शतकें हा शब्द एका हातानें कायद्यानें आणि दुसऱ्या हातानें पैशानें धरला. १४१३ च्या एका कायद्यानें दाव्यांत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा लिहिणें आवश्यक झालें, आणि तेव्हांपासून ‘जंटलमन’ हा कागदावरचा दर्जा बनला. परंतु या दर्जाभोंवतीं भिंत नव्हती. सर थॉमस स्मिथ या मुत्सद्द्यानें इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेवर लिहिलेलें पुस्तक १५८३ सालीं छापलें गेलें. त्यांत तो थोड्या तिरकसपणें सांगतो कीं, इंग्लंडांत जंटलमन स्वस्तांत तयार होतात. ज्याला विद्यापीठांत शिकतां आलें, अंगमेहनतीवांचून बसून खातां आलें आणि तसा थाट राखतां आला, त्याला लोक जंटलमन म्हणतात. अशा रीतीनें जन्माच्या जोडीला रिकामपण ही दुसरी कसोटी आली. १५९६ च्या ऑक्टोबरांत स्ट्रॅटफर्डच्या एका हातमोजे शिवणाऱ्या कारागिराला कुलचिन्ह मिळालें आणि तो जंटलमन झाला. त्याचें नांव जॉन शेक्सपिअर. नाटककार शेक्सपिअर त्याचा मुलगा.

शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द अक्षरशः पानोपानीं आहे. प्रेक्षकांनाहि तो ‘जेंटल’ म्हणून हांक मारतो. पण मला ‘पांचवा हेन्री’ या नाटकांतील दोन जागा एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्याशा वाटतात. अ‍ॅझिनकोर्टच्या लढाईपूर्वीं राजा आपल्या थकल्याभागल्या सैनिकांना सांगतो कीं, आज जो माझ्याबरोबर रक्त सांडील तो माझा भाऊ. तो कितीहि हलक्या स्थितींतला असो, आजचा दिवस त्याला ‘जेंटल’ करील. येथें हा शब्द क्रियापद झाला आहे. लढाई जिंकल्यावर तोच राजा मृतांची यादी वाचतो. एक ड्यूक, एक अर्ल, एक नाइट आणि एक एस्क्वायर अशीं चार नांवें तो घेतो, आणि सांगतो कीं बाकी नांव घेण्यासारखें कोणी नाहीं, इतर पंचवीस. सकाळीं ज्यांना भाऊ म्हटलें, ते संध्याकाळीं आंकड्यांत गेले. शेक्सपिअरनें हें मुद्दाम केलें कीं इतिहासकारांची यादी नुसती उतरून घेतली, याबद्दल वाद घालणारे घालोत. नाटक वाचणाऱ्याच्या कानांत तो आंकडा राहतोच.

याच सुमारास शब्दाला दुसरीकडून एक बळकट धक्का मिळाला. विल्यम टिंडलनें नव्या कराराचें इंग्रजी भाषांतर १५२६ मध्यें छापलें. पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आत्म्याच्या फळांची यादी आहे. तिच्यांतील ममता या अर्थाच्या ग्रीक शब्दासाठीं टिंडलनें ‘जेंटलनेस’ हा शब्द घातला, आणि १६११ च्या राजमान्य भाषांतरानेंहि तो ठेवला. नांगर हांकणाऱ्या पोरालाहि धर्मग्रंथ कळावा ही टिंडलची प्रतिज्ञा होती. तिच्यापायीं १५३६ मध्यें त्याचा गळा आवळून देह जाळण्यांत आला. नांगराला हात न लावणें हें ज्या शब्दाचें भूषण, तोच गुण आतां नांगरामागें चालणाऱ्या पोराकडून अपेक्षिला जाऊं लागला. त्याच यादींत पुढें ‘मीक’ या विशेषणापासून झालेलें नाम आहे. ‘मीक’ हा स्कँडिनेव्हियांतून आलेला शब्द. मूळ अर्थ मऊ, लवचिक. पुढें ‘मीक’ म्हणजे दबलेला, मान खालीं घालणारा असा वास त्याला लागला. म्हणून १९४६ च्या सुधारलेल्या अमेरिकन भाषांतरांत तो काढून त्याच्या जागीं ‘जेंटलनेस’ बसविण्यांत आला, आणि ‘जेंटलनेस’च्या जुन्या जागीं ‘काइंडनेस’ आला. दुबळ्याची नम्रता कोणालाच नको झाली. समर्थानें आवरून धरलेला हात मात्र सर्वांना हवासा वाटला.

एकदां मनुष्यावरून हा शब्द सुटल्यावर तो कोठेंहि जाऊन बसला. वारा जेंटल, उतार जेंटल, माणसाळलेला घोडा जेंटल. गळाला लावावयाच्या माशीच्या अळीलाहि इंग्रज कोळी ‘जेंटल’ म्हणतात, कारण ती मऊ असते. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ मधील मासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तकांत ती भेटते. राजपुत्राच्या हातावरच्या ससाण्यापासून गळावरच्या अळीपर्यंत एवढा प्रवास दुसऱ्या कोणत्या शब्दानें केला असेल तर मला ठाऊक नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत ‘जेंटल’ आणि ‘जंटलमन’ यांची ताटातूट पुरी झाली आणि विचारी लोकांना ती खुपूं लागली. कार्डिनल न्यूमननें १८५२ मधील डब्लिनच्या व्याख्यानांत जंटलमनची व्याख्या करतांना म्हटलें कीं, जो दुसऱ्यास दुखवीत नाहीं तो जंटलमन. ही व्याख्या इतकी लोकप्रिय झाली कीं, ती सांगणाऱ्याचा हेतु लोक विसरले. न्यूमनला दाखवावयाचें होतें तें असें कीं, ही सभ्यता सुंदर असली तरी ती म्हणजे धर्म नव्हे. डिकन्सनें १८६० ते १८६१ मध्यें लिहिलेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरींत हाच प्रश्न कथेंत घातला. लोहाराच्या घरीं वाढलेला पिप जंटलमन होण्याच्या ध्यासानें लंडनला जातो. त्याला वाटतें, पैसा एका श्रीमंत बाईचा. तो निघतो हद्दपार केलेल्या एका कैद्याचा. दरम्यान, गांवाहून भेटीस आलेल्या लोहार जोची त्याला लाज वाटते. अखेर पिप कर्जांत व तापांत सांपडल्यावर जोच येऊन त्याची शुश्रूषा करतो, कर्ज फेडतो आणि मुकाट्यानें निघून जातो; आणि ‘जेंटल’ हें विशेषण पिपच्या तोंडून बाहेर पडतें तें या काळवंडल्या हातांच्या जोसाठीं. ऐरणीवर घण घालणारा हात रोग्याच्या कपाळावर हलका पडतो, हें डिकन्सला दाखवावयाचें होतें.

भिंती मात्र पुस्तकानें पडत नाहींत. इंग्लंडांत १८०६ पासून १९६२ पर्यंत ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेअर्स’ असा क्रिकेटचा सामना होत असे. हौसेनें खेळणारे ते जंटलमेन, पोटासाठीं खेळणारे ते नुसते खेळाडू. मैदानावर उतरण्याचे दरवाजे निराळे, आणि गुणपत्रिकेवर नांव छापण्याची तऱ्हाहि निराळी. हा ‘सभ्य गृहस्थांचा खेळ’ आपल्याकडे आला तेव्हां त्यानें येथील भिंतीशींहि सहज जमवून घेतलें. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजांतला असामान्य डावखुरा गोलंदाज. पुण्यांत गोऱ्या साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां त्याची कला तयार झाली. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरांहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाला तो चेंडू टाकतांना हवा होता. पण आरंभींच्या दिवसांत चहाच्या वेळीं इतर जण आंत कपबशींत चहा घेत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यांत मिळे. संघाचें कर्णधारपद त्याला कधींच मिळालें नाहीं. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला तें १९२३ मध्यें मिळालें. चेंडूला जात चिकटत नाहीं आणि कपाला चिकटते, हें गणित ज्यांनीं मांडलें ते सर्व स्वतःस जंटलमन म्हणवून घेत असत.

माझ्या पुतण्याच्या प्रश्नाच्या निमित्तानें आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. इंग्रजींत दयाळूपणाला जो दुसरा मोठा शब्द आहे, तो ‘काइंड’, त्याचेंहि मूळ जन्माचेंच. जातीचा, कुळाचा, स्वभावतः मिळालेला असा त्याचा जुना अर्थ. हॅम्लेटचें रंगभूमीवरील पहिलेंच वाक्य या शब्दाच्या आणि ‘नातलग’ या अर्थाच्या शब्दाच्या श्लेषावर उभें आहे. औदार्यवाचक ‘जेनरस’ हा तिसरा. त्याचाहि लॅटिनमध्यें अर्थ उच्च कुळांत जन्मलेला. चौथा आपला: ‘अभिजात’. त्यांतहि तोच ‘जन्’ धातु. २०२४ च्या ऑक्टोबरांत मराठीला ‘अभिजात भाषा’ हा दर्जा मिळाला तेव्हां आपण सर्वांनीं आनंद केला, आणि मीहि केला. ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेला मोठेपणा देतांनाहि शब्द सांपडला तो चांगल्या घरीं जन्मलेलीचा!

आतां माझ्या आईच्या उत्तराकडे येतों. ‘गरीब’ हा अरबी शब्द; फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. अरबींत त्याचा अर्थ परका, परदेशीं आलेला, ज्याचें येथें कोणी नाहीं असा. परक्या मुलुखांत आलेला मनुष्य निर्धन असावयाचाच, म्हणून गरीब म्हणजे दरिद्री. मराठीनें एक पाऊल पुढें टाकलें. गाय गरीब आहे म्हणजे ती दूध काढतांना लाथ मारीत नाहीं; मुलगा गरीब स्वभावाचा आहे म्हणजे तो कोणाच्या अध्यांत मध्यांत नाहीं. म्हणजे पाहा, ज्या गुणाला इंग्रजानें ‘ज्याला कुळ आहे तो’ असें नांव दिलें, त्याच गुणाला आमच्या घरांतली म्हातारी ‘ज्याला कोणी नाहीं तो’ असें नांव देते. मला तिचा शब्द अधिक आवडतो हें खरें. परंतु ‘गरीब गाय’ हें आपण पुष्कळदां ज्या सुनेविषयीं म्हणतों तिला लाथ मारण्याची सोय होती कीं नव्हती, हेंहि कोणी विचारीत नाहीं. एक शब्द हात उगारतां येत असून न उगारणाऱ्याचा, दुसरा उगारतांच न येणाऱ्याचा.

हें सारें मीं पुतण्याला सांगितलें. त्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि परीक्षेंत काय लिहूं म्हणून विचारलें. त्याच्या वहींत अजून ‘सौम्य’ हाच अर्थ आहे. कंसांत त्यानें ‘गरीब’ असें पेन्सिलीनें लिहून ठेवलें आहे.